येतो म्हणावं

बालवाडी सुटली आणि एखादं पोर दारातून "बाई, जातो" असं म्हणालं, की उज्ज्वला भाटकर त्याला उंबऱ्यावरून माघारी बोलवायच्या. पोराचं दप्तर पाठीवर, एक पाय चपलेत, दुसरा हवेत.

"जातो म्हणू नये रे राजा. येतो म्हणावं."

"पण मी तर जातोय."

"जाताना येतो म्हटलं की दार उघडं राहतं."

पोराला त्यातलं काही कळायचं नाही. 'येतो' म्हटल्याशिवाय बाई सोडत नाहीत, एवढं मात्र कळायचं. गावातल्या निम्म्या माणसांना निरोपाचा शब्द बाईंनीच शिकवलेला. त्यांच्या मुलाला, तन्मयलाही त्यांनीच शिकवला. आणि तांबूने तो कुणी न शिकवता शिकून घेतला.

तांबू म्हणजे घरची कुत्री. पिकल्या काजूच्या बोंडाचा रंग, एक कान उभा, एक कान लवलेला, जसं काही अर्ध्या जगावर तिचा विश्वास होता आणि अर्ध्यावर नव्हता. तन्मय कोल्हापूरला कॉलेजात होता तेव्हा त्याने तिला जॅकेटच्या आत घालून आणली होती. तो शनिवारी यायचा. येताना बोलायचा काही नाही, अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून नुसती शीळ घालायचा. ती शीळ ऐकली की तांबू शेपटीसकट सगळीच्या सगळी हलत धावायची. रविवारी संध्याकाळी सॅक पाठीवर चढवून तो दारात वाकायचा, तिचं तोंड ओंजळीत धरायचा आणि म्हणायचा, "येतो गं तांबू." त्यानंतर तांबू उंबऱ्यावर हनुवटी टेकायची ती दिवा लागला तरी उचलायची नाही.

पुढे तन्मय दूर उत्तरेच्या समुद्रात गेला. तिथे पाण्यात पवनचक्क्या उभ्या आहेत, माडाच्या कितीतरी पट उंच, त्यांची देखभाल करायला. सुरुवातीला वर्षातून एकदा यायचा. मग एक वर्ष चुकलं, मग चुकलेलीच वर्षं जास्त झाली. फोनवर मात्र दर वेळी शेवटचा शब्द तोच असायचा. बाई निवृत्त झाल्या. घरात दोघीच उरल्या, आणि बाई जातील तिथे तांबू मागोमाग. संध्याकाळी पडवीत बसून बाई तिच्या लवलेल्या कानाशी गुणगुणायच्या,

नीज गं तांबू बाय, ऊन उतरलं माडावरी,
धनी तुझा दर्यावरी, होडी लागेल बंदरी.

कोणासाठी गुणगुणत होत्या, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

एका सकाळी बाई गडग्याशी वाकून जास्वंद तोडत होत्या. जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधून कुणी बारीक करवत चालवावी तसा आवाज आला. बाईंना तो कळायला एक क्षण लागला, तांबूला तेवढाही लागला नाही. ती मध्ये घुसली. बाईंना वाचवायला घुसली की नवीन खेळ वाटला म्हणून, देव जाणे. फुरसं तिच्या पुढच्या पायाला डसलं आणि चिऱ्यात परत गेलं. तांबूने पाय एकदा चाटला, बाईंकडे पाहिलं आणि काहीच झालं नाही अशी शेपटी हलवली.

*

गावावरच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर, जनावरांचा तातडीचा दवाखाना होता. शेजाऱ्याच्या रिक्षातून बाई तिला तिथे घेऊन पोचल्या, तोवर पाय दुप्पट झाला होता आणि हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. बाईंच्या पदरावर आणि मांडीवर, सगळीकडे तेच.

आतून डॉक्टर सानिका तोडणकर धावत आली. हीही बाईंच्याच बालवाडीतली. पेन्सिली चघळणारी, सशाचं चित्र काढून त्याला बँडेज बांधणारी.

"बाई, तुम्ही इथे बसा. रडायचं नाही हं. मला तुम्ही असंच सांगायचात."

"तू तरीही रडायचीस."

"म्हणूनच सांगतेय. उपयोग नसतो."

फुरशाचं विष रक्ताला त्याचं कामच विसरायला लावतं. जखम झाली की रक्ताने गोठायचं, एवढी त्याची शिकवण, ती पुसली जाते. मग रक्त वाट मिळेल तिथून वाहत राहतं, हिरडीतून, नाकातून, आतल्या आत. सानिकाने प्रतिविष दिलं, दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं. वाहणं थांबलं. पण तोवर विषाने मूत्रपिंडं गाठली होती. रक्तातली घाण गाळायची चाळणीच बुजली.

"आता यंत्रावर रक्त गाळावं लागेल," सानिका म्हणाली. "रोज. मानेत जाड नळी घालून. तिला त्रास होईल, बाई. बरी होईलच असंही नाही. तर आधी कौल लावते."

कौल म्हणजे काय, ते आता सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगायला हवं. कुत्र्या-मांजरांच्या गळ्यात हल्ली जो पट्टा असतो, त्यात दोन बारीक कान असतात. एक बाहेरचं ऐकतो, म्हणजे घरात कोण काय बोललं ते. दुसरा आतलं ऐकतो, ते बोलणं कानावर पडताना जनावराच्या मेंदूत कोणती लहर उठली ते. 'जेव' म्हटल्यावर उठणारी लहर वेगळी, 'आंघोळ' म्हटल्यावरची वेगळी. पट्टा वर्षानुवर्षं शब्दाची लहरीशी गाठ मारत राहतो. जनावर अत्यवस्थ झालं की डॉक्टर त्याच्या डोक्यावर एक जाळी घालतात. आत्ता मेंदूत जी लहर असेल, तिची गाठ ज्या शब्दाशी असेल, तो शब्द यंत्र बोलून दाखवतं. आणि जनावराने तो ज्याच्या तोंडून ऐकला असेल, त्याच्याच आवाजात.

याचा अर्थ जनावर बोलतं असा नाही. त्याला आत्ता जे वाटतंय, तेच पूर्वी कोणता शब्द ऐकताना वाटलं होतं, एवढंच यंत्र सांगतं. पण माणूस कुठला एवढ्यावर थांबतो. त्याने शब्दांच्या दोन बाजू केल्या. ये, चल, घे, खा हे ओढीचे शब्द. यंत्रावर हिरवा दिवा. नको, जा, सोड, पुरे हे नकाराचे, लाल दिवा. कोकणात देवाला पाकळ्या लावून कौल मागायची रीत आहे, उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. म्हणून लोकांनी यंत्रालाच कौल म्हणायला सुरुवात केली. हिरवा तो उजवा, लाल तो डावा.

मग कायदा आला. कंटाळा आला म्हणून धडधाकट जनावराला सुई देऊन मोकळे होणारे मालक फार झाले होते. कायद्याने ठरवलं, कौल उजवा असेल तोवर उपचार थांबवायचे नाहीत आणि शेवटची सुई द्यायची नाही. ती सुई ज्या कपाटात, ते कपाटच यंत्राला जोडलं. डावा कौल मिळाल्याखेरीज त्याची कडी निघत नाही. माणसाच्या मर्जीतून मुक्या जिवाची सुटका झाली म्हणून सगळ्यांनी आनंद मानला. बाईंनीही मानला होता. तांबूच्या पट्ट्यावर त्यांनी हळदीचं बोट लावलं होतं.

सानिकाने वेदनेचं औषध बंद केलं, कारण औषधाच्या गुंगीत लहरी झोपतात. औषध उतरल्यावर तांबू कण्हायला लागली. मग जाळी घातली. बाई उशाशी उभ्या राहिल्या. यंत्र थोडा वेळ नुसतं गुरगुरत राहिलं. आणि मग बोललं,

"येतो."

बाईंनी पलंगाचा गज धरला. तन्मयचा आवाज होता. फोनवरचा दमलेला, घाईतला नव्हे. दारात वाकल्यामुळे जरा दाबला गेलेला, कॉलेजातल्या पोराचा. इतक्या जवळून त्यांनी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

हिरवा दिवा लागला.

"परत येते म्हणतेय ती," बाई म्हणाल्या. "ऐकलंस ना गं? येते म्हणतेय."

"उजवा आहे, बाई." सानिकाचे डोळे भरले होते. "तांबूबाई लढणार म्हणतायत."

*

बाईंनी तन्मयला फोन लावला. त्याच्या मागे वारा घोंघावत होता.

"आई, म्हातारी झालीय गं ती."

"तुझी आहे ती."

"हो, माझी आहे. पण एवढी यंत्रंबिंत्रं... तिचे हाल होत असतील."

"ती स्वतः सांगतेय येते म्हणून. तुझ्या आवाजात सांगतेय."

तो हसला. "मी इकडून घसा कोरडा करतो ते तुला पुरत नाही. कुत्रीच्या तोंडून बरा वाटतो आवाज."

"तू ये. तुला बघितलं की उठून बसेल."

"बघतो सुट्टीचं. खरंच बघतो. चल, येतो."

फोन बंद झाला. बाईंना वाटलं, तो शब्द यंत्रातून येतो तेव्हाच खरा वाटतो.

*

यानंतरचं सांगायला जीभ कचरते, पण सांगायलाच हवं.

रोज तांबूच्या मानेतल्या नळीतून रक्त बाहेर काढायचं, गाळायचं, आत सोडायचं. सुजलेला पाय काळा पडला, सालासारखी कातडी निघून आली. नळीच्या जागी पू झाला. जिभेवर व्रण आले, तेव्हा पाणी पिताना ती वाटीकडे चोरासारखी जायची आणि जीभ टेकताच मागे सरायची. तरीही बाई आल्या की शेपटीचं टोक हलायचं. शेपटी हलवायला लागणारी ताकद कुठून आणायची कोण जाणे.

सकाळी कौल लावायचा, हा नियम. रोज औषध थांबायचं, रोज कण्हणं, रोज जाळी, आणि रोज तोच शब्द.

"येतो."

उजवा.

"बाई," सानिका एकदा म्हणाली, "माझा विश्वास या यंत्रावर बसत नाही. तिचे डोळे बघा ना. माझे हात सांगतात, थांब."

"तुझे हात सांगतात, आणि ती स्वतः दुसरंच सांगते. मी कुणाचं ऐकू?"

सानिका नखं कुरतडायला लागली. बालवाडीतही ती अशीच कुरतडायची.

मग बाईंनी आणखी एक गोष्ट केली. सकाळच्या कौलाने त्यांचं मन भरेना. दुपारी त्या म्हणायला लागल्या, "एकदा लावून बघ ना. तिचा विचार बदलला असला तर?"

"दुपारी लावायचा तर पुन्हा औषध बंद ठेवावं लागेल."

"थोडाच वेळ ना गं."

सानिकाने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण समोर बाई होत्या, त्यांच्यासमोर आजवर कुणीच नाही म्हटलं नव्हतं. औषध बंद झालं. तांबू कण्हली, तोंडाचा आ करून श्वास घेऊ लागली, आणि तिच्या डोक्यावरच्या जाळीतून तन्मय म्हणाला, येतो. बाईंनी डोळे मिटून तो ऐकला. पुन्हा एकदा म्हणाला, येतो. ज्या घरात दोन पेले चहा करून एक ओतून द्यायची वेळ यायची, त्या घरात हा शब्द बाई उराशी धरून न्यायच्या आणि त्याच्यावर झोपायच्या.

*

एका दुपारी जाळी तशीच ठेवून सानिका जेवायला उठली. हात धुतले, दाराशी चपला सरकवल्या आणि सवयीने वळून म्हणाली, "येते हं, बाई."

यंत्र म्हणालं, "येतो."

सानिका गेली. खोली शांत झाली. बाई तांबूच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. यंत्र बोललं नाही. थोड्या वेळाने सानिका विसरलेला मोबाइल न्यायला परत आली, यंत्र गप्पच. मोबाइल उचलून पुन्हा दाराशी, पुन्हा चपला, पुन्हा "येते." आणि जाळीतून लगेच, "येतो."

बाईंचा हात कपाळावरच थांबला.

बालवाडीत त्यांनी एक गोष्ट आयुष्यभर पाहिली होती. पोर शब्दाचा अर्थ आपल्याला विचारून घेत नाही. शब्दाच्या मागोमाग काय घडतं, तोच त्याच्यासाठी अर्थ. एक मुलगा डॉक्टरला 'चॉकलेट' म्हणायचा, कारण सुई टोचण्याआधी त्याला दर वेळी तेच दाखवायचे. चॉकलेट बघितलं की तो भोकाड पसरायचा.

बाई उठल्या. काही न बोलता दाराशी गेल्या आणि चपलेत पाय घातला.

"येतो," यंत्र म्हणालं.

त्या परत येऊन बसल्या. यंत्र गप्प झालं. तांबूच्या डोळ्यांतली बाहुली मोठी झाली होती आणि ती दाराकडे बघत होती.

तन्मय आला तेव्हा कधीच 'येतो' म्हणाला नव्हता. तो यायचा तेव्हा शीळ घालायचा. 'येतो' तो म्हणायचा दारातून निघताना, आणि त्या शब्दानंतर तांबूच्या वाट्याला यायचा रिकामा उंबरा. तिच्या जगात त्या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता. तो शब्द म्हणजे हात सुटणं, कुणीच नसणं, न संपणारी संध्याकाळ. इतके दिवस ती रोज तेच सांगत होती. आणि यंत्राने, ज्याला एवढंच ठाऊक की 'ये' हा ओढीचा शब्द, तो हिरवा केला होता. मराठी माणसं निघतानाच येतो म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तन्मय साधं 'जातो' म्हणाला असता, तर पहिल्याच दिवशी लाल दिवा लागला असता.

सानिका परत यायला वेळ होता. बाई तांबूकडे बघत राहिल्या. मग त्या पुन्हा उठल्या, दाराशी गेल्या आणि चपलेत पाय घातला.

"येतो," तन्मय म्हणाला.

अर्थ पुरता कळल्यावरही त्यांनी तो एकदा ऐकून घेतला. हे त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

*

सानिका आल्यावर बाई म्हणाल्या, "या यंत्राला शीळ कळते?"

"आवाज कुठलाही कळतो. का?"

"मग एवढ्या दिवसांत एकदाही शीळ का नाही वाजली गं?"

बाईंनी सगळं सांगितलं. सानिका खाली बसली. स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

"मी रोज तिच्यासमोर येते म्हणून निघत होते," ती म्हणाली.

"मीच शिकवलंय तुला."

"बाई, तुमचं म्हणणं मला पटलं. यंत्राला पटायला त्याचा शब्दकोश बदलावा लागेल, तो बदलायला मुंबईत समिती बसेल. तोवर..." तिने कपाटाकडे पाहिलं. "नोकरी गेली तरी चालेल मला. पण ती कडी माझ्या हाताने निघत नाही. तिच्या मेंदूतून एक लाल शब्द यायला हवा. नको, पुरे, सोड, काहीही." ती पट्ट्याची नोंद चाळत गेली आणि थांबली. "बाई, घरात तिला कधी नको म्हणाला नाहीत? कधी रागावला नाहीत?"

"तिला कशाला नको म्हणायचं? गादीवर चढली तर चढली. माझ्या ताटातलं खायची ती."

"लाल शब्दच नाहीये तिच्याकडे."

बाहेर सड्यावर उन्हाने गवत तडतडत होतं. मग सानिका बाईंकडे न बघता बोलली.

"नवीन गाठ मारता येते. दुखलं की त्याच क्षणी शब्द म्हणायचा. पुन्हा दुखवायचं, पुन्हा म्हणायचा. गाठ बसेपर्यंत. वेदनेचं औषध पूर्ण बंद ठेवून. आवाज घरचाच हवा, माझा आवाज पट्टा धरत नाही."

"म्हणजे मी शिकवायचं तिला. नको म्हणायला."

"हो."

बाईंनी पदर खोचला. वर्गात शिरताना खोचायच्या तसा.

पहिल्यांदा त्यांनी काळ्या पडलेल्या पायावर अंगठा नुसता टेकवला आणि "नको" म्हणाल्या. आवाज चिरकला. तांबू किंचाळली, आणि लगेच मान वळवून, व्रणांनी भरलेल्या जिभेने त्यांचा तोच अंगठा चाटायला लागली. यंत्र बाईंच्याच, गोंजारतानाच्या आवाजात म्हणालं, "बाय माझी."

हिरवा.

"पुन्हा करा," सानिका भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

बाईंनी दाबलं. "नको."

"बाय माझी."

हिरवा.

"बाई, तुमचा हात तिला आवडतोय. दुखवला तरी आवडतोय. म्हणून गाठ बसत नाहीये. गोंजारू नका. उशाची ती साडी काढा, तिला तुमचा वास येतोय. चेहरा कडक करा."

बाईंनी साडी काढली. तांबूने ती ओढली जाताना दातांत धरायचा प्रयत्न केला, पण दातांत जोर नव्हता. बाई तिच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या, बालवाडीत पोर चावलं की उभ्या राहायच्या तशा, आणि पायावर सगळा भार देऊन दाबलं.

"नको. म्हण, नको."

तांबूने शेपटी हलवली.

"हलवू नकोस गं," बाई म्हणाल्या. "एवढं एक ऐक माझं. हलवू नकोस."

त्यांनी पुन्हा दाबलं. नळीच्या जागी दाबलं. नको. व्रणावर बोट टेकवलं. नको. ऊन खिडकीतून सरकत पलंगाच्या दुसऱ्या पायाशी गेलं. सानिकाने कान झाकून घेतले होते. तांबूने एकदा लघवी केली आणि शरमेने कान पाडले, त्या वेळीही बाईंनी फक्त हात पुन्हा पुढे नेला.

आणि या वेळी तांबूने मान फिरवली.

हात टेकायच्या आधीच फिरवली. डोळ्याचा पांढरा कोपरा दिसला, ओठ दातांवरून वर गेला. साऱ्या जन्मात तिने बाईंना दात दाखवले नव्हते. यंत्रातून बाईंचा आवाज आला, स्वच्छ, पोरांना पाठ करून घेताना असतो तसा.

"नको."

लाल दिवा लागला. कोपऱ्यातल्या कपाटाची कडी खट्ट करून निघाली.

"शिकली," बाई म्हणाल्या. "शहाणी माझी." आणि इतका वेळ आवरलेला हात त्यांनी गोंजारायला पुढे केला.

तांबू भिंतीपर्यंत मागे सरकली. "नको," यंत्र म्हणालं.

हात तिथेच राहिला. सानिकाने सुई भरली. तिने तांबूला स्वतःच्या मांडीवर घेतलं, कारण तिच्याकडे तांबू गेली. बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. चपलांना पाय लागू नये म्हणून अनवाणी, भिंतीला चिकटून. जवळ जाता येत नव्हतं, बाहेर जाता येत नव्हतं. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि शीळ घालून पाहिली. त्यांना ती कधीच जमली नव्हती. नुसती हवा आली.

तांबूचा उभा कान किंचित हलला. यंत्र बोललं नाही. सुई आत गेली.

बाईंच्या ओठांवर आपोआप आलं, नीज गं तांबू बाय, ऊन उतरलं माडावरी, धनी तुझा दर्यावरी... पुढची होडी त्यांनी घशातच थांबवली. सानिकाने जाळी काढली तेव्हा तिच्याखालचे केस चिकटून बसले होते, टोपी घालून खेळून आलेल्या पोराचे बसतात तसे.

निघताना सानिका दारापर्यंत आली. बाईंनी चपला घातल्या. सवयीचा शब्द दोघींच्याही तोंडाशी आला, आणि दोघींनीही तो गिळला.

*

दुसऱ्या दिवशी तन्मयचा फोन आला. बाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. उंबऱ्यावर हनुवटी घासून घासून लाकूड गुळगुळीत झालेली एक जागा होती, तिच्यावरून बोट फिरवत त्यांनी त्याला सांगितलं. ती गेली एवढंच सांगितलं.

"फार वाईट वाटलं गं आई," तो म्हणाला. खरंच वाटलं असावं. आवाज ओला होता. "मी बघतच होतो सुट्टीचं. आता दिवाळीच्या आसपास नक्की जमवतो. तू जेवतेस ना नीट?"

"जेवते."

"दुसरं एखादं पिल्लू आण. मी सांगतो कुणाला तरी."

त्याच्या मागून कुणीतरी त्याला हाक मारली. पात्यांचा घुमणारा आवाज मोठा झाला.

"बरं, शिफ्ट सुरू होतेय. ठेवतो. येतो, आई."

"जातो म्हण."

"काय?"

"जातो म्हण, तन्मय. मग सोडते."

पलीकडे नुसता वारा होता. बाई थांबल्या. एक पाय चपलेत आणि दुसरा हवेत, असं पोर दारात उभं असलं की थांबायच्या तशा.